पाव्हणा वाटेत आहे

हे लिहिण्याआधी माफी मागते. आमच्या घरात रजेच्या अर्जापेक्षा लांब काही कुणी लिहिलेलं नाही, आणि ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना मी पूर्ण ओळखत होते असंही म्हणवत नाही. कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू असताना काही महिने मी त्यांच्या हाताखाली होते, एवढंच. त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क त्यांच्या घरच्यांचा. पण त्यांच्या घरी त्यांच्याशिवाय कुणी नाही, आणि कंपनीत त्यांचा विषय निघतो तो हसण्यासाठीच. म्हणून भीत भीत लिहिते. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

खालापूरजवळ, हमरस्ता सोडून आत, बुटांचे तळवे करणारी एक कंपनी आहे. पूर्ण बूट तिथे होत नाहीत. बुटाचा खालचा रबर जमिनीला लागतो, वर आपला पाय असतो, आणि दोघांच्या मध्ये जो पांढरा, स्पंजासारखा थर असतो, तो तिथे होतो. त्याला मिडसोल म्हणतात. आपण बूट घालतो तेव्हा तो दिसत नाही. आपलं सगळं वजन मात्र तोच झेलतो. मी कर्जतला रसायनशास्त्र शिकत होते. सकाळचं कॉलेज करून दुपारी या कंपनीच्या टेस्टिंगच्या खोलीत शिकाऊ म्हणून जायचे. त्या खोलीचे मालक म्हणजे भाऊ. खरे मालक नव्हेत, पण सगळे तसंच म्हणायचे. त्यांना नावाने हाक मारताना मी कुणाला ऐकलं नाही.

भाऊ पन्नाशीचे, उंच, आणि उजव्या पायाने किंचित लंगडणारे. खोलीत येताना चपला-बूट बाहेर काढावे लागत. आपण आत गेलो की भाऊ बाहेर जाऊन आपल्या बुटात अंगठा दाबून बघत. पहिल्या दिवशी माझ्या कॅनव्हासच्या बुटात त्यांनी हात घातला तेव्हा मला लाज वाटली, कारण ते आतून फाटलेले होते. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

"तू उजव्या पायावर उभी राहतेस," ते म्हणाले. "कायम जायच्या तयारीत. घरनं बोलावणं येईल म्हणून भ्यातेस का गं?"

त्या दिवसांत घरी माझ्या शिक्षणावरून रोज बोलणं होत असे, आणि मी खरोखरच रोज धास्तावून घरी जायचे.

मोल्डिंगच्या एका मुलाच्या बुटात अंगठा दाबून ते एकदा म्हणाले होते, "हा निघाला." तो मुलगा हसला. पुढच्या आठवड्यात तो न सांगता रसायनीच्या कुठल्याशा कारखान्यात गेला. यात काही विशेष नाही, मुलं नोकऱ्या बदलतातच. पण त्यानंतर बरेच जण आपले बूट भाऊंच्या दारात काढेनासे झाले. हातात धरून आत यायचे.

खोलीच्या मधोमध ते मशीन होतं. एका दांड्याला लोखंडी पाऊल लावलेलं, फक्त उजवं. खाली मिडसोलचा तुकडा ठेवायचा, आणि मग ते पाऊल दिवसरात्र त्याच्यावर पडत राहायचं. आधी टाच, मग चवडा. फोम दबताना 'हुस्स' असा आवाज यायचा. माणूस बरंच चालून टेकतो तेव्हा सोडतो तसा. किती चालल्यावर फोम थकतो, किती दिवसांनी परत वर येत नाही, हे त्यावरून कळे. पोरं त्या पावलाला पाव्हणा म्हणायची.

"भाऊ, पाव्हणा आज कुठवर?" दारातून कुणीतरी ओरडायचं.

"चौक सोडलं," भाऊ मान वर न करता सांगायचे. किंवा, "दहिवलीत हाय. पाणी प्यायला थांबला."

मला आधी ही चेष्टा वाटली. मग कळलं की चेष्टा फक्त विचारणाऱ्याकडून होती. भाऊ खरंच हिशेब ठेवत होते. नवा तुकडा मशीनखाली ठेवला की पाव्हणा भाऊंच्या गावातून निघायचा, खालापूर आणि चौकच्या मधल्या एका वाडीवजा गावातून. तिथून चौक, मग कर्जतजवळची दहिवली, भिसेगाव आणि तिथून कडाव. कडावपासून पुढची वाट दर वेळी निराळी. कधी ते त्याला नेरळकडे पाठवायचे, कधी कशेळ्याकडे. तुकडा संपला की पाव्हणा परत घरून निघायचा.

निघताना भाऊ डब्यातलं दही बोटाने लोखंडी टाचेला लावायचे. त्या वेळी कुणी "कुठे पाठवताय" म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरायचा. निघणाऱ्याला कुठे म्हणून विचारायचं नसतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण मशीनच्या बाबतीत ते पाळणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही.

आणि एक नियम होता. पाव्हणा चालत असताना खोलीत केर काढायचा नाही.

घरातून माणूस बाहेर पडलं की लगेच केरसुणी हातात घेत नाहीत, तसा तो नियम. पण मशीन कधी बंदच नसायचं. तुकडा बदलायच्या वेळी तेवढा घाईघाईने केर निघायचा. एरवी फोमची पांढरी भुकटी जमिनीवर साठत जायची. भिंतीकडेने चालणाऱ्या भाऊंच्या अनवाणी पायांचे ठसे त्यात उमटायचे. मशीनभोवती मात्र एकही ठसा नसायचा. ती भुकटी अशी कोरी की तिच्याकडे बघत पावलाचा आवाज ऐकताना वाटायचं, कुणीतरी चालतं आहे आणि ते या खोलीत नाही.

झाडलोट करायला भिसेगावच्या एक मावशी यायच्या. त्यांना या नियमाचा वैताग होता.

"कंपनीत सगळीकडं मला बोलत्यात, हिचा केर राहिला," त्या म्हणायच्या. "आनि ह्या भाऊचा पाव्हना काय पोचतच नाय. कुठं चाललाय तरी मेला, काशीला?"

"मावशे, तोंड आवर," भाऊ म्हणायचे. पण रागाने नाही.

मावशींनीच मला सगळं सांगितलं. नंतर भाऊंनीही सांगितलं, तुकड्या-तुकड्याने.

भाऊंना एक मोठा भाऊ होता. त्यांचे दादा. चालण्याचं त्यांना वेड. कर्जतला काम असलं तरी टमटम धरायचे नाहीत. भाऊ या कंपनीत नवीन लागले तेव्हा दादांनी पांढरे बूट घेतले होते, स्वस्तातले, आतून कडक. भाऊंनी टेस्टिंगचा एक वापरलेला तुकडा घेऊन दादांच्या उजव्या बुटात बसवला. डाव्यासाठी नवा मिळाला, उजव्यासाठी फक्त तोच होता. पाव्हण्याने चालून घेतलेला. अशा तुकड्यांच्या टाचेत कंपनी एक भोक पाडते, म्हणजे ते विकायला जाऊ नयेत.

पुढे भाऊंचं लग्न ठरलं. पत्रिका वाटायला दादा निघाले, पायीच. आईने दह्याचं बोट दिलं. पण पाहुण्यांची वर्दळ, घरात गडबड, आणि दादा फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच तिने अंगण झाडायला घेतलं.

चौकला पत्रिका पोचली. दहिवलीला, भिसेगावला पोचली. कडावला त्यांच्या आत्याकडे दादा जेवले, आणि पुढच्या पत्रिका घेऊन निघाले. त्या पत्रिका कशेळ्याच्या आणि नेरळच्या होत्या. कशेळ्याला कुणाला मिळाली नाही. नेरळलाही नाही. दादाही परत आले नाहीत.

दोन्ही रस्त्यांवर घरोघर विचारून झालं. पोलीसही त्याच दोन रस्त्यांनी गेले. लग्न मोडलं. आई जिवंत होती तोवर केरसुणी हातात घेतली की रडायची, असं भाऊ म्हणाले. पुढे भाऊंनी लग्न केलंच नाही.

"एकच इचारायचंय मला," एकदा मशीनच्या आवाजात ते म्हणाले. "तो निघाला होता ते कुठं पोचला का नाय? मेला का जिता, ते मागनं. पोचला का?"

"पण भाऊ, मशीन कसं सांगेल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी कीव आल्यासारखं, असं मला वाटलं.

"दादाच्या बुटातल्या तुकड्यावर आधी हाच चालला होता," ते लोखंडी पावलाकडे बोट दाखवून म्हणाले. "दादा गेला तो ह्याच्याच चालीवर. मग वाट ह्यालाच ठावी असंल ना? म्या बाहेर तर बघितली सगळी. दर रविवारी. दोन्ही वाटा."

मी विज्ञान शिकलेय. फोममध्ये बारीक बारीक बंद बुडबुडे असतात, दाबले की आतली हवा आवळते, सोडलं की परत पसरते, हे मी पेपरात लिहिलेलं आहे. त्यात वाट कुठेच नसते. पण त्या खोलीत संध्याकाळी मी एकटी असले की मशीनकडे पाठ करून बसायला मला जमत नसे. खुर्ची फिरवून भिंतीला लावायचे.

भाऊंच्या पायाचंही एकदा निघालं. लहानपणी सुट्टीत कडावला आत्याकडे असताना बांधावरून पडले, घोटा मोडला. वरच्या वाडीत हाडं बसवणारा एक म्हातारा होता. दादा स्वतः पोरगेलेसे, तरी भाऊंना पाठीवर घेऊन डोंगर चढून गेले.

"वाट कशी होती?" मी विचारलं.

"दादाच्या पाठीवर डोळे मिटून होतो. दुखत होतं. वाट कोण बघतो?" ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं नावबी आमाला ठावं नाय. बापानं तांदूळ धाडले व्हते त्याला, मग कोण गेलंच नाय परत."

हे त्यांनी सहज सांगितलं होतं, आणि मी सहज ऐकलं होतं.

मग बाहेरच्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला येणार होती तो दिवस. कंपनीचे साहेब सकाळपासून फिरत होते. आमच्या खोलीच्या दारात थांबून त्यांनी भुकटी पाहिली.

"भाऊ, हे काय आहे? पाहुणे इथे पण येणार."

"तुकडा संपला की काढतो, साहेब. दोन दिवस ऱ्हायलेत."

"ते आज येणार आहेत."

"आपला पन वाटेत हाय, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते गेले, आणि थोड्या वेळाने भाऊंना गेटवर सामान मोजायला बोलावणं आलं. ते गेल्यावर मावशी केरसुणी घेऊन आल्या. साहेबांनीच पाठवल्या होत्या.

"मी काय करू गं," मला म्हणाल्या. "माझी नोकरी हाय." आणि त्यांनी भिंतीकडून आत, मशीनपर्यंत, सगळं झाडून काढलं. पाऊल चालत होतं. टाच, चवडा, हुस्स. मावशी त्याच्याखालून केर ओढत असताना तो आवाज थांबला. दांडा अर्ध्यावर, पाऊल फोमवर टेकलेलं, तसंच थांबलं. वीज होती. पंखा फिरत होता.

मावशींनी केरसुणी खाली टाकली.

भाऊ दारात कधी आले ते आम्हाला कळलं नाही. ते ओरडले नाहीत. स्वच्छ जमिनीवरून लंगडत मशीनपाशी गेले आणि वाकून बघत राहिले.

"भाऊ, मला साहेबानी…" मावशी म्हणाल्या.

"तुझी चूक नाय, मावशे." त्यांनी हाताने दांडा उचलला आणि तुकडा बाहेर काढला. "इकडं ये गं," मला म्हणाले. "काय दिसतं?"

ते पाऊल नेहमी सारखंच पडतं. टाचेचा खळगा खोल, चवड्याचा उथळ. या तुकड्यावर टाच जवळजवळ उमटलीच नव्हती. चवडा मात्र खोल रुतला होता. बोटांकडची कड तर फाटायच्या बेतात होती.

"पाऊल सैल झालं असेल," मी म्हणाले. "स्क्रू."

"बघ."

मी पाना घेऊन स्क्रू पाहिला. घट्ट होता. तरी मी शिकाऊ होते, मला सगळं कळत होतं असं नाही, हे इथे सांगायला हवं.

"टाच टेकत नाय," भाऊ हळू म्हणाले. "चढतोय."

"कुठे पाठवला होता या वेळी?"

"ह्या वेळी पाठवलाच नाय. कडावपास्नं म्या गप बसलो. म्हटलं, जाऊ दे त्याच्या मनानं." ते तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिले. "कडावच्या पुढं चढ कुठं हाय? नेरळला नाय. कशेळ्यालाबी रस्ता सरळच हाय."

मावशी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तपासणीची माणसं आली, खोली स्वच्छ म्हणाली आणि गेली. मशीन दुसऱ्या दिवशी आपोआप चालू झालं. विजेच्या मिस्त्रीला काहीच बिघाड सापडला नाही. तो तुकडा भाऊंनी खिडकीत ठेवला. दाबलेला फोम एका रात्रीत बराच वर येतो. हा आला नाही. मी रोज बघायचे. आठवडे गेले, चवड्याचा खळगा तसाच होता. आत बोट घातलं की बाहेरच्या उन्हातसुद्धा गार लागायचा.

"खळगा बसलेला हाय तवर त्याच्यावर कुनीतरी अजून उभं हाय," भाऊ म्हणायचे. त्यानंतर मशीनवर त्यांनी नवा तुकडा लावला, पण दही लावलं नाही आणि कुठवर गेला ते कुणाला सांगितलं नाही. पोरांनी विचारणंही सोडलं. खोलीत भुकटी पुन्हा साठायला लागली. आता केर काढायचा की नाही हे मावशी दारातून विचारायच्या, आणि भाऊ नुसती मान हलवायचे. नाही.

माझं शिकाऊपण संपलं. निघताना मी दारात बूट घातले. भाऊंनी "कुठं" म्हणून विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "आता दोन्ही पायांवर उभी राहा." मी परीक्षा दिली. घरातली पहिली पदवी. पेढे घेऊन जायचं मनात होतं. जाणं झालं नाही.

परवा मावशींचा फोन आला.

यंदाच्या पावसाळ्यात कडावच्या वरच्या डोंगरावर एक दरड सुटली. तिथल्या वाडीतली एक बाई लाकडं गोळा करताना घळीत उतरली आणि तिला चिखलात एक बूट सापडला. बूट म्हणजे काय, वरचं कापड कुजून गेलं होतं, रबर सुटलं होतं. मधला पांढरा थर तेवढा शाबूत होता. त्याच्या टाचेत भोक. तिने तो घरी आणून धुऊन ठेवला. तिचा मुलगा आमच्या कंपनीत लोडिंगला नवीन लागला होता. भंगारात टाकलेल्या तुकड्यांच्या टाचेत त्याने तसंच भोक पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा पिशवीत घालून टेस्टिंगच्या खोलीत घेऊन आला.

"म्या तिथंच व्हते," मावशी म्हणाल्या. "त्यानं सांगितलं, त्याचा आजा हाडं बसवायचा. लई वर्सांमागं एक मानूस वर आलेला, पांढऱ्या बुटांचा. म्हनला, माज्या भावाचा पाय तुमी बसवला, आता त्याचं लगीन हाय, तुमी याच. पत्रिका दिली, अक्षता दिल्या, कोरा चहा प्याला. ढग उतरले व्हते म्हनून आजा म्हनला थांब. तो म्हनला, खाली अजून पत्रिका द्यायच्यात. आनि घळीच्या आडवाटंनं गेला."

"मग त्यांनी कुणाला सांगितलं नाही?"

"कोन इचारायला गेलं वर? आजा तर लग्नाला निघालेला, कोंबडा घेऊन. कडावात कळलं लगीन मोडलं. मोठ्या घरचं काय झालं ते आपन कशाला इचारायचं, म्हनून आला तसा परत गेला."

पलीकडे मावशींचा श्वास ऐकू येत होता.

"आणि बाकी काही सापडलं?" मी विचारलं.

"घळीत पोलीस जाऊन आले. बाकीचंबी तिथंच व्हतं गं."

"मावशी, खिडकीतला तो तुकडा?"

"सपाट झालाय. कदी झाला, देव जाने. त्या दिवशी बघितला तर सपाट."

याचा अर्थ मी लावत नाही. फोम उशिरा का होईना वर येतो. उष्णता वाढली की लवकर येतो. हे मला माहीत आहे.

"भाऊ काय म्हणाले?"

"त्या पोराला एकच इचारलं. म्हनजे पोचला होता? पोरगा म्हनला, हा, पोचला होता. चहा प्याला आमच्यात." मावशी सांगत होत्या. "मग भाऊनी हात लांब करून मशीन बंद केलं. अशी शांतता झाली गं, मला तिथं उभं ऱ्हावंना. बराच येळ बसले. मग माज्याकडं न बघता म्हनले, मावशे, आता केर काढ."